थंडीतला पाऊस आणि पुढचे चार दिवस

नोव्हेंबरअखेर रात्री अडीच-तीनला कौलांवर थेंब वाजायला लागले की आमच्या घरात दोन फोन होतात. पहिला अक्काचा. ती दिलीय उत्तूरच्या बाजूला. "पडाय लागला की रं! अंगणात घागर ठेवलीया. मातीचा वास कसा सुटलाय म्हणून सांगू!" दुसरा फोन मी लावतो गवसे भागातल्या मामांना. ते उचलत नाहीत. त्या वेळी ते बॅटरी दातात धरून कापलेल्या घनसाळ भातावर ताडपत्री ओढत असतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या आजरा तालुक्याबद्दल बाहेरच्यांना एवढंच ठाऊक असतं की इथं पाऊस फार. आंबोली तीसेक किलोमीटरवर, मधे किटवड्यासारखी धो धो पावसाची गावं, म्हणजे दुष्काळाचा प्रश्नच नाही असा समज. पण तालुक्याचा पश्चिमेचा भाग आणि उत्तूर-मलिग्र्याकडची पूर्वेची शिवारं यांचं पाऊसमान एक नाही. २०२३ साल आठवा. एल निनोचं वर्ष. ऑगस्ट देशभर इतका कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत तितका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारनं १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात कोल्हापूरचे दोन होते, हातकणंगले आणि आमच्या शेजारचं गडहिंग्लज. आजरा त्या यादीत नव्हता. पण उत्तूरकडची रानं गडहिंग्लजला बांधाला बांध लावून आहेत, आणि पावसानं काही तहसील कचेरीतला नकाशा पाहिलेला नसतो.

अशा वर्षी थंडीत एखादी सर आली तर तिचं काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. अक्कासाठीही आणि मामांसाठीही. माझा अनुभव असा की या पावसाचा फायदा पुढच्या चार दिवसांत मिळवावा लागतो. त्या चार दिवसांत हातात खुरपं आणि पहार नसेल तर पाऊस येऊन गेला एवढंच पदरात पडतं.

हा पाऊस कुठला?

वर्तमानपत्रं दिवाळीनंतरच्या प्रत्येक थेंबाला अवकाळी म्हणतात. जुन्या हिशेबात तसं नव्हतं. हस्ताचा पाऊस सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबरच्या आसपास, मग चित्रा, मग स्वाती साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. स्वातीपर्यंतचा पाऊस हा वेळेवरचा, शाळूचा म्हणजे रब्बी ज्वारीचा पाऊस. त्यानंतरचा मात्र वरकड. आला तर आला.

ऑक्टोबर ते डिसेंबरात वारे ईशान्येकडून वाहतात. तमिळनाडूचा मोठा पाऊस तेव्हाच पडतो. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकला किंवा अरबी समुद्रात तसं काही तयार झालं की त्याची कड आपल्याला लागते. जून-जुलैचा पाऊस पश्चिमेकडून येऊन घाटमाथ्याला आपटतो, म्हणून किटवड्याला धो धो आणि उत्तूरला बेताचा. थंडीत हा हिशेब चालत नाही. एका शिवारात पाणी वाहतं आणि ओढ्यापलीकडं धूळ बसलेली नसते. तेव्हा पहिलं काम, शेजाऱ्याच्या पावसावर विसंबायचं नाही.

डबा, पट्टी आणि वही

घरात सरळ उभा, वर-खाली सारख्या तोंडाचा पत्र्याचा डबा असतोच. तो झाडापासून, वळचणीपासून दूर, उघड्यावर दोन विटांच्या मधे बसवायचा. पाऊस थांबल्यावर शाळेतली पट्टी आत उभी धरायची. पाणी १८ मिलिमीटर चढलं तर पाऊस १८ मिलिमीटर. एवढंच. तारीख घालून वहीत लिहून ठेवायचं.

हा आकडा कशाला, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर, एकरावर ४,००० लिटर. २५ मिलिमीटरची सर म्हणजे एकराला लाखभर लिटर, दहा हजारी दहा टँकर. पण हेच पाणी भारी काळ्या, वाळलेल्या जमिनीत जेमतेम अर्धी-पाऊण वीत खाली उतरतं. पाच मिलिमीटर पाऊस तर धूळ बसवतो, मन निववतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जातो. दुष्काळानंतरच्या पहिल्या सरीत माणूस भाबडा होतो. अंगणात डबकं साचलं की रानही भिजलं असं वाटतं. म्हणून पट्टी.

ओलीला ओल लागली का?

अक्काकडचे जुने लोक पाऊस थांबला की "किती पडला" असं विचारत नाहीत. "ओलीला ओल लागली का?" असं विचारतात. माझ्या मते रब्बीचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आलं.

पावसाळ्यातली थोडी ओल जमिनीच्या पोटात, हात-दीड हात खाली टिकून असते. वरचा थर वाळलेला असतो. थंडीचा पाऊस वरून भिजवत येतो. वरची नवी ओल आणि खालची जुनी ओल एकमेकींना भेटल्या तर पिकाच्या मुळांना सलग वाट मिळते. मधे कोरडा पट्टा राहिला तर बी उगवतं, बोट-दोन बोटं मूळ सोडतं, आणि कोरड्यात येऊन अडकतं. पंधरा दिवसांनी रोप पिवळं पडतं आणि आपण बियाणेवाल्याला शिव्या घालतो.

तपासायचं कसं? पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी रानात तीन ठिकाणी, बांधाजवळ नव्हे, पहारीनं दीड फूट खड्डा घ्या. खड्ड्याच्या कडेची माती वरून खाली चिमटीनं दाबत जा. ओली माती काळसर, थंड लागते आणि बोटाला चिकटते; कोरडी फिकी, भुसभुशीत लागते. कोरडा पट्टा बोटभर असेल तर आणखी एक बारीक सर आल्यावर जुळेल. वीतभर असेल तर कोरडवाहू पेरणीचा नाद सोडा.

ओल जुळली तरी लगेच तिफण घालायची नाही, वाफशाची वाट बघायची. हे मी स्वतःचं हसं करून शिकलो. एका वर्षी पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी हरभरा टोकायला बायका घेऊन रानात उतरलो. मजुरी वाया जाईल ही घाई. बांधावरून जाणारे शेजारचे आप्पा थांबले. "चिखलात बी गाडतोयस व्हय? उगवायचं का मढं पुरायचं?" मला राग आला. चार दिवसांनी कडक ऊन पडलं, वरची माती वाळून तिची पापडी झाली. हरभऱ्याचे कोंब त्या पापडीखाली वाकडे होऊन बसले होते. खुरप्यानं पापडी उचलली की खाली पांढरे, पिळवटलेले कोंब दिसत. अर्ध्या रानात दुबार पेरणी करावी लागली, आणि आप्पा त्यावर पुन्हा काही बोलले नाहीत हे जास्त लागलं.

तेव्हा वाफसा असा बघा. चार बोटं खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा, कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. चपटा होऊन बसला तर थांबा. लाडूच होत नसेल तर उशीर झाला. पडल्यावर भुगा झाला तर घात आली, त्याच दिवशी औत जुंपा. हलक्या रानात ही वेळ दोन-तीन दिवसांत येते, भारी काळ्यात चार ते सहा. मागून ढगाळ राहिलं तर आणखी लांबते. घात एकदा आली की दोन दिवसांत निघून जाते, म्हणून बैलजोडी किंवा ट्रॅक्टर पाऊस पडला त्याच दिवशी सांगून ठेवा. सगळ्या गावाची घात एकाच दिवशी येते.

पेरायचं काय, याला कॅलेंडर बघा. कोरडवाहू शाळूची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. नोव्हेंबरच्या पावसावर शाळू पेरू नका; कडबा मिळेल, कणीस हाती लागेल याची खात्री नाही. हरभरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बरा, त्यापुढं दर आठवड्याला उतारा घटत जातो. नोव्हेंबरअखेरच्या पावसावर हरभरा घ्यायचाच असेल तर पुढं एखादं पाणी देता येईल अशाच तुकड्यात घ्या. विजय हे आपल्याकडं रुळलेलं वाण आहे, विक्रम यंत्रानं कापायला सोपं. दाणा टपोरा असेल तर बियाणं जास्त लागतं, विजयसारख्या मध्यम दाण्याला एकरी २६ ते २८ किलो पुरतं. पेरणीआधी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि १० किलोला २५० ग्रॅमचं रायझोबियमचं पाकीट चोळा. ओलीत मर रोग फार लवकर पकडतो, आणि हे दहा मिनिटांचं काम आहे.

डिसेंबर उजाडल्यावर पाऊस आला तर मी सरळ चाऱ्याकडं वळेन. दुष्काळी वर्षात मार्च-एप्रिलला पेंढीचे भाव काय होतात हे वेगळं सांगायला नको. आफ्रिकन टॉल मका, एकरी ३० किलो बी, विहिरीत थोडं पाणी असेल तर दोन महिन्यांत गोठ्याला आधार होतो.

उभ्या पिकात

सप्टेंबरअखेर पेरलेला शाळू नोव्हेंबरच्या शेवटाला ५५-६० दिवसांचा, म्हणजे पोटरीत असतो. ज्वारीला पाण्याची खरी भूक चार वेळा लागते: जोमानं वाढताना महिन्याला, पोटरीत पन्नाशीला, फुलोऱ्यात सत्तरीला आणि दाणा भरताना नव्वदीला. कोरडवाहू रानात यातली एक वेळ जरी पावसानं भागवली तरी शाळूचं रूप पालटतं. शिवाय फुलोऱ्यानंतर ताण बसला की ताट आतून पोकळ होऊन खडखड्या रोगानं आडवं पडतं, तेही टळतं. अक्काला अडीच वाजता झोप का लागत नाही ते आता कळेल.

पण पोटरीतल्या पावसाची किंमत कोळप्यानं वसूल होते. वाफसा आला की आठ आठवड्यांच्या शाळूत दातेरी कोळपं घालायचं. काळ्या रानाच्या भेगा हातभर खोल असतात आणि त्यांतून ओल दिवसरात्र उडत असते. कोळप्याच्या दात्यांनी माती उकरून त्या भेगांत ढकलायची. वर बोट-दोन बोटं भुसभुशीत थर बसला की तो गोधडीसारखं काम करतो. शाळू मांडीएवढा झाला, आता बैल कसे घालू, असं म्हणून बरेच जण हे टाळतात. बैलांना मुसकी घाला आणि अरुंद कोळपं वापरा. चार-सहा ताटं मोडतील. मोडू देत.

पावसाबरोबर ढगही येतात, आणि ढगाळ हवेत शाळूवर मावा आणि हरभऱ्यात घाटेअळी. हरभऱ्यात ओळीनं चालत एक मीटरच्या पट्ट्यात अळ्या मोजा. एक-दोन सापडल्या तर उपायाची वेळ आली. त्याआधी एकरी दोन कामगंध सापळे, काठ्यांचे पक्षीथांबे आणि ५ टक्के निंबोळी अर्क. कोतवाल पक्षी काठीवर बसून दिवसभर जेवढ्या अळ्या टिपतो, तेवढ्या मला पंपानं मारायला दोनशे रुपये लागतात. हरभरा फुलात असेल तर पाऊस उघडल्यावर २ टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅमची, एक फवारणी करा. पंधरा दिवसांनी दुसरी.

गव्हाबद्दल थोडक्यात: तांबेऱ्यावर लक्ष ठेवा आणि युरिया पावसाच्या चिखलात नको, वाफशावर द्या.

मामांचं घनसाळ

आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वास हाच त्या तांदळाचा जीव, आणि तो उशिरा येणारा भात. नेमकं कापणी-मळणीच्या तोंडावर थंडीचं आभाळ भरून येतं. पश्चिम पट्ट्यात म्हणून या पावसाचं स्वागत कोणी करत नाही, आणि करू नये.

अंदाज आला असेल तर उभं भात कापू नका. उभं भात एक पाऊस सोसतं, कापून पसरलेलं सोसत नाही. हा नियम साधा आहे, पण आभाळ बघून घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, "पावसाआधी काढून घेऊ" म्हणत रानभर कापून ठेवतो आणि संध्याकाळी सगळं चिखलात. कापायचं तर तेवढंच, जे दिवस मावळायच्या आत खळ्यावर येईल.

कापलेलं भिजलं तर पहाटेच बांध फोडून खाचरातलं पाणी काढा. लोंब्या जमिनीवरून उचलून बांधावर, झुडपांवर, काठ्यांच्या तिवईवर उलट्या टांगा. मोठी गंजी रचू नका. आतली ऊब वाढते, दाणा पिवळा पडतो, दोन रात्रींत लोंबीतच कोंब फुटतात. ताडपत्री लोंब्यांना टेकवू नका. मधे बांबू घालून वारा खेळेल अशी ठेवा आणि ऊन पडलं की लगेच काढा. मामांचा एक धडा: ओलं भात घाईनं रणरणत्या उन्हात डांबरी रस्त्यावर वाळवू नये. दाण्याला आतून चिरा पडतात आणि गिरणीत कणीच निघते. पातळ थर, दर अर्ध्या तासाला पाय ओढत फिरायचं, दुपारी सावली. दाताखाली दाणा कट्कन वाजला की पोती भरा.

रात्री रानात खळं असेल तर राखण हवीच. आजऱ्याच्या जंगलात गवे आहेत, टस्करही. ओल्या भाताचा वास त्यांनाही येतो. एकट्यानं थांबू नका, आणि हत्ती आला तर ढिगापेक्षा जीव मोठा. वनखात्याला कळवा, पंचनाम्यात भात भरून मिळतं.

काजूवाल्यांसाठी आणखी थोडं. नोव्हेंबरच्या पावसानं झाडाला पालवी फुटते आणि मोहोर लांबतो. डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर पाऊस किंवा सलग ढगाळ हवा आली की ढेकण्या उतरतो. सकाळी सातच्या आत बागेत जा, दहिवर असतानाच. कोवळा देठ हातात धरून बघा. त्यावर डिंकासारखा बारीक थेंब किंवा काळा ठिपका दिसला तर ढेकण्यानं सोंड खुपसली आहे. दोन-तीन दिवसांत अख्खा तुरा भाजल्यासारखा काळा होतो. औषध कृषी सहायकाला विचारून त्याच दिवशी मारा, पण मधमाश्या फिरतात त्या सकाळच्या वेळात नको. संध्याकाळी मारा. माश्या मेल्या तर मोहोर वाचूनही बोंडू धरणार नाही.

उसाचं काय? तोड थांबते. ओल्या फडात ट्रॉली घालण्याची घाई करू नका, चाकाखाली खोडव्याचे बुडखे चिरडतात आणि ते नुकसान पुढच्या वर्षी दिसतं. पाचट पेटवू नका, सरीत तसंच दाबा, या ओलीवर ते कुजतं. आणि एक गोष्ट शेतीबाहेरची. फडाच्या कडेला कोपी टाकून राहिलेली तोडकरी माणसं बीड-धाराशिवकडून आलेली असतात. त्यांच्या गावी हा पाऊस हवा असतो, आणि इथं तो त्यांच्या चुलीत आणि बाळंतिणीच्या अंथरुणात पडतो. पाऊस आला त्या रात्री गावातली शाळा किंवा समाजमंदिर उघडून द्या. सरपंचाला फोन करायला दोन मिनिटं लागतात.

गोठ्यातला धोका

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात जनावरं भुकेनं मरत नाहीत, हिरव्यानं मरतात.

ज्वारी कापलेल्या रानात, किंवा ताणानं खुरटलेल्या ज्वारीत, पाऊस पडला की आठ दिवसांत बुडख्यातून कोवळे, लुसलुशीत फुटवे येतात. चार महिने कोरडं पिंजर चघळलेली म्हैस त्यावर तुटून पडते. त्या फुटव्यांत विषारी अंश असतो आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. यालाच किराळ लागणं म्हणतात. जनावर थरथरतं, तोंडाला फेस येतो, धापा टाकतं, आणि अर्ध्या-एक तासात संपतं. गुडघ्याएवढी, दीड महिन्याच्या आतली ज्वारी जनावराला दाखवूही नका. फुलोऱ्यानंतर कापलेली, उन्हात सुकवलेली आणि कुट्टी करून इतर चाऱ्यात मिसळलेलीच घाला. किराळ लागल्याचा संशय आला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. पशुवैद्याकडं सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन असतं, ते वेळेत शिरेत गेलं तर जनावर उठतं.

बांधावरचं नुसतं कोवळं गवतही उपाशी पोटी भरपेट चारलं तर पोट फुगतं. सोडण्याआधी पेंढीभर वाळकं घाला. पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास.

मेंढ्यांची गोष्ट निराळी. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला राज्यात थंडी आणि पाऊस एकदम आला, तेव्हा पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्या रानात बसलेल्या कळपांतल्या शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. भिजलेली लोकर आणि वर वारा. तुमच्या रानात खत बसवायला धनगराचा वाडा उतरला असेल तर आभाळ भरताच त्यांना गोठ्याची पडवी, पोल्ट्रीचं रिकामं शेड, काहीही आडोसा द्या. कोकरं आधी.

पिंजराची गंजी भिजली असेल तर वरचा थर काढून वेगळा वाळवा. बुरशी धरलेला, काळपट, कुबट वासाचा चारा खताच्या खड्ड्यात टाका. "थोडाच खराब आहे" म्हणून गाभण म्हशीला घालू नका.

पाणी अडवा, कागद करा

हिरण्यकेशीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे पावसाळा सरला की घालतात. दुष्काळी वर्षी ते वेळेवर पडले आहेत का, दोन बरग्यांमधल्या फटी मातीनं भरल्या आहेत का, हे गावातल्या चार जणांनी जाऊन बघा. फटीतून रात्रभर वाहिलेलं पाणी आपलं नसतं. ओढ्यावर बंधारा नसेल तर वनराई बंधारा एका रविवारचं काम आहे: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, विटांच्या सांध्यासारखी एकाआड एक रचायची, पाण्याच्या बाजूनं चिकणमाती थापायची. कंबरेएवढी उंची पुरे. खालच्या चार विहिरींना महिनाभर फरक पडतो.

कौलांचं पाणी धरायचं असेल तर पहिली दहा मिनिटं सोडून द्या, महिन्यांची धूळ आणि विष्ठा त्यात असते. १०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पावसात दीड हजार लिटर सहज मिळतं. गुरांना, भांड्यांना ते चालतं. विहिरीत गढूळ पाणी उतरलं असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी परीक्षण, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायला सांगा. दुष्काळानंतरच्या नव्या पाण्यानं गावं जुलाबांनी आडवी झालेली मी पाहिली आहेत.

कागदांचा कंटाळा सगळ्यांनाच. तरी रब्बीची ई-पीक पाहणी मोबाइलवर केलेली असू द्या. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर पंचनाम्यात काय लिहिणार? नुकसान झालं तर त्याच दिवशी स्थळाची नोंद होईल असे फोटो काढा आणि तलाठी, कृषी सहायकाला लेखी कळवा. सरकारी मदत ३३ टक्क्यांहून जास्त नुकसानीला मिळते. पीक विम्याचे नियम मात्र बदलत राहतात. २०२३ ला एक रुपयात विमा होता आणि ७२ तासांत कळवल्यास कापणीनंतर भिजलेल्या पिकालाही दावा करता येत होता. २०२५ पासून राज्यात ही जादा संरक्षणं काढून उत्पादनावर आधारित भरपाई ठेवली गेली. त्यामुळं गेल्या खेपेचा अनुभव धरून बसू नका, यंदाच्या अर्जावर कोणती जोखीम लिहिली आहे ती वाचा. काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद धरली जाते, तुमच्या डब्याची नाही. पण केंद्रावर दोन मिलिमीटर आणि तुमच्या वहीत बावीस असेल तर तक्रार करायला हातात काहीतरी असतं. दहा शेतकऱ्यांच्या दहा वह्या सारखं बोलत असतील तर आणखी बरं.

परवा अक्काकडं गेलो होतो. पावसाचा तिसरा दिवस. तिनं चहा टाकायच्या आधी पहार माझ्या हातात दिली आणि विहिरीकडच्या तुकड्यात नेलं. दीड फूट खड्डा घेतला, गुडघ्यावर बसून तिनं कडेची माती वरून खाली चिमटीनं दाबत नेली. वर ओल, खाली ओल, मधे फिका पट्टा. तिनं बोट आडवं लावून मोजलं.

"दोन बोटं ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "कोळपं उद्या घालूया. हरभऱ्याचं बी अजून उतरवू नगं."